लाकडी लंबकाचा संच: जोडणी, टिकटिक आणि सूत्राशी भांडण

संचाच्या खोक्यावर ‘जोडणीस ३ तास’ असं छापलेलं असतं. आम्हाला दोन रविवार लागले. आणि खरं काम तिसऱ्या रविवारी सुरू झालं, जेव्हा नववीतली भाची वहीतून मान वर काढून म्हणाली, “मामा, पुस्तक चुकलंय.”

पुस्तकात होतं, लंबकाच्या गोळ्याचं वजन बदललं तरी दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, बदलत नाही. तिच्या वहीत तो बदलत होता, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने. पुस्तक चुकलेलं नव्हतं आणि तिची मोजणीही चुकलेली नव्हती. ते कसं, हे पुढे येईलच. पण लाकडी संच घेण्यासारखा आहे तो या भांडणासाठी, असं माझं मत झालं आहे. दोरा आणि गोळा घेतला तर सूत्र निमूटपणे खरं ठरतं. लाकडाची दांडी तसं होऊ देत नाही.

संच निवडताना

लेझरने कापलेल्या ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे पत्रे, त्यात सुटे होणारे भाग, काही दातेरी चाकं, चाकाचे दाते अडवणारा-सोडणारा एक अँकर आणि खाली गोळा असलेली दांडी, असं या संचांचं साधारण रूप असतं. घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, तो कशावर चालतो. काही संच रबरावर चालतात. रबर उलगडत जातं तसा त्याचा जोर कमी होतो, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा लंबक वेगळ्या ढकलण्यावर चालतो. शिकायचं असेल तर दोऱ्याला टांगलेल्या वजनावर चालणारा घ्या, कारण वजन पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखंच ओढतं. दुसरी, गोळा दांडीवर वरखाली सरकतो का. तिसरी, अँकर बाजूला करून लंबक मोकळा झुलवता येतो का. तिसरी सोय नसेल तर निम्मे प्रयोग हुकतात. लंबक निदान २५ सेंटिमीटरचा असावा. फार आखूड लंबक इतका भरभर हलतो की मोजताना बोट चुकतं.

संचाबरोबर येत नाहीत पण लागतात अशा वस्तू: धारदार कटर, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पांढरी मेणबत्ती, मऊ शिसाची पेन्सिल, कोनमापक, ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, दुहेरी चिकटपट्टी, १० रुपयांची बारा नाणी आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे गवंडी वापरतात तोच. घरी नसेल तर दोऱ्याला जाडसा नट बांधला की झाला. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा मिळाला तर उत्तम. नसला तरी नाणी आहेतच, १० रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं.

पत्र्यातून भाग काढताना

सगळ्यात मोठी चूक पहिल्या अर्ध्या तासात होते. सगळे भाग एकदम सुटे करून ताटात ओतायचे नाहीत. भागांचे क्रमांक पुष्कळदा पत्र्याच्या उरलेल्या चौकटीवर छापलेले असतात, भागावर नसतात. आधी प्रत्येक पत्र्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि पुस्तिकेतल्या पायरीला जे लागतात तेवढेच भाग काढा.

भाग पत्र्याला बारीक पुलांनी धरलेला असतो. अंगठ्याने दाबून तो बाहेर ढकलला की वरचा पापुद्रा उचकटतो. पूल दोन्ही बाजूंनी कटरने कापा आणि मग भाग मागून हलकेच ढकला. दात्यांच्या चाकाला तर दात्यांवर दाब द्यायचाच नाही, मधल्या भागावर द्या. माझ्याकडून एस्केप चाकाचा, म्हणजे अँकर ज्याला अडवतो-सोडतो त्या चाकाचा, एक दाता असाच तुटला. तो फेव्हिकॉलने जोडला, रात्रभर दाबून ठेवला, पॉलिश पेपरने शेजारच्या दात्यासारखा केला. तरी आजही प्रत्येक फेरीत एक ‘टिक’ किंचित वेगळी वाजते. ती ऐकून चाकाची फेरी कधी पूर्ण झाली ते कळतं, हा एक फायदाच म्हणायचा.

कापलेल्या कडांवर लेझरची काजळी असते. ती हाताला लागते आणि दात्यांमध्ये रगडाही वाढवते. ४०० नंबरच्या कागदाने दात्यांच्या कडांवरून दोन-तीन हात फिरवा, जास्त नाही. दात्याचा आकार बदलला की चाकं एकमेकांत अडकतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात, संच उघडल्या उघडल्या जोडू नका. पत्रे ज्या खोलीत पुढे राहणार आहेत तिथे दोन दिवस सपाट ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. प्लायवूड दमट हवेत फुगतं आणि वाकडंही होतं. उन्हात वाळवायला ठेवलं तर आणखी वाकडं होईल. चौकटीला आणि दांडीला चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश द्यायला हरकत नाही. दात्यांना आणि खाचांना मात्र देऊ नका, तिथे पॉलिशची जाडीही नडते.

चौकट आणि चाकं

चौकट जोडताना दोन्ही बाजूंच्या पाट्यांतली भोकं समोरासमोर येतात का, एवढंच पाहायचं आहे, पण ते नीट पाहायचं आहे. सगळे आस घालून पाटी बसवली आणि एकही आस वाकडा उभा राहिला तर ती पाटी काढा आणि पुन्हा बसवा. खाचेत भाग घट्ट जात असेल तर हातोडी घेऊ नका. खाचेत जाणाऱ्या टोकावर थोडं मेण लावा आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरून दाबा.

मेण कुठे आणि शिसं कुठे, यात गोंधळ होतो. मेण दात्यांवर: मेणबत्ती दात्यांवर घासायची, जास्तीचं कापडाने पुसायचं. आस ज्या भोकात फिरतो तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं घासायचं. तेल कुठेही नाही. शिवणयंत्राचं तेल हाताशी असतं म्हणून मोह होतो, पण लाकूड ते पितं, फुगतं आणि वर धूळ धरून ठेवतं. आणि जिथे भाग घट्ट पकडून राहायला हवा, म्हणजे आसावर चाक बसतं तिथे, काहीच लावायचं नाही.

संचातले आस लाकडी काड्यांचे असतील तर एक बदल सुचवतो. अँकरचा आणि लंबकाचा आस सायकलच्या स्पोकच्या तुकड्याचा करा. नेहमीचा स्पोक २ मिलिमीटर जाड आणि बऱ्यापैकी सरळ असतो. सायकलवाल्याकडे जुने पडलेले असतात, तो तुकडे करूनही देईल. भोक मोठं असेल तर त्यात रिकाम्या रिफिलचा छोटा तुकडा अस्तरासारखा बसवा. मोकळा लंबक किती वेळ झुलतो ते या एका बदलाने स्पष्ट वाढतं.

प्रत्येक चाक चौकटीत एकटं बसवून बोटाने फिरवा. ते दर वेळी वेगळ्या जागी थांबलं तर ठीक. तीच बाजू नेहमी खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे. तिथे मागच्या बाजूने थोडं घासा, किंवा समोरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा. ही पायरी पुस्तिकेत बहुधा नसते, आणि चालता चालता मधेच थांबणाऱ्या संचांचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

अँकर: सगळा जीव इथे आहे

अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. आकार पाहिला की नाव पटतं. त्याच्या दोन हातांच्या टोकांना पॅलेट म्हणतात. लंबक एका बाजूला गेला की एक पॅलेट दात्यापासून सुटतं, चाक अर्धा दाता पुढे सरकतं आणि दुसऱ्या पॅलेटवर आपटतं. ही ‘टिक’. परत येताना ‘टॉक’. म्हणजे लंबकाच्या एका पूर्ण दोलनात चाक एकच दाता पुढे जातं. दाता सुटताना पॅलेटच्या तिरक्या कडेवरून घसरतो आणि लंबकाला हलकासा धक्का देतो. लंबक वेळ ठरवतो, चाक त्याला दमू देत नाही. एवढाच हा करार.

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये पहिलं लंबकाचं घड्याळ रचलं तेव्हा त्यात अँकर नव्हता, जुन्या पद्धतीची यंत्रणा होती आणि तिला लंबक पुष्कळ मोठा झुलवावा लागे. अँकर त्याच शतकात नंतर इंग्लंडमध्ये आला. त्याने झोका काही अंशांवर आणला, म्हणून लांब लंबक अरुंद पेटीत मावू लागला. लहान झोक्याचा आणखी एक फायदा प्रयोगात दिसेल.

अँकर बसवताना दात्यांची दिशा पाहा. दाते एका बाजूला झुकलेले असतात आणि चाक उलटं बसवलं तरी ते बसतं, हीच गोम. मी उलटं बसवलं आणि एक अख्खी संध्याकाळ पॅलेट घासत बसलो. दोष पॅलेटचा नव्हताच.

आता अँकर दात्यांत किती खोल जातो ते. दोऱ्याला वजन न लावता चाकाला बोटाने हलका दाब द्या आणि अँकर हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. दाता सुटला की चाक किंचित मोकळं पडून दुसऱ्या पॅलेटवर येतं. हे मोकळं पडणं दोन्ही बाजूंना थोडं आणि सारखं हवं. अँकर फार खोल असेल तर दाता सुटतच नाही. फार वर असेल तर चाक गर्रकन फिरून वजन धाडकन जमिनीवर येतं, म्हणून पहिल्यांदा वजन लावताना खाली उशी ठेवा. संचात अँकरच्या भोकाची जागा ठरलेली असते. फरक थोडाच असेल तर पॅलेटच्या टोकाला ४०० नंबरचा कागद एकदा फिरवून तपासा, पुन्हा फिरवून तपासा. पॅलेट एकदा आखूड झालं की परत लांब होत नाही.

उभं करणं आणि ‘लंगडी’ टिकटिक

चौकट भिंतीला किंवा जड टेबलाला घट्ट बांधा. डुगडुगणाऱ्या स्टुलावर ठेवली तर लंबक स्टूल हलवण्यातच शक्ती घालवतो. मग ओळंबा धरून चौकट उभ्या रेषेत आणा.

लंबकामागे कोनाच्या खुणा केलेला कागद चिकटवा, शून्य मधोमध. वजन लावा. लंबक बोटाने हळूच डावीकडे न्या आणि ‘टिक’ ऐकू येईल तो कोन पाहा. मग उजवीकडे नेऊन ‘टॉक’चा कोन पाहा. डावीकडे २ अंशांवर आणि उजवीकडे ४ अंशांवर आवाज येत असेल तर टिकटिक लंगडी आहे: टिक-टॉक … टिक-टॉक, असं वाजेल आणि थोड्या वेळाने बंद पडेल. अँकर आपल्या आसावर किंचित फिरवून दोन्ही कोन सारखे करा. डोळे मिटून ऐकलं तर फरक लवकर कळतो.

वजन किती लावायचं? ज्या वजनाला संच जेमतेम चालतो त्याच्या दीडपट. जास्त लावून चालवणं सोपं असतं, पण दाते झिजतात आणि लंबकाला मारच बसत राहतो. दोरा म्हणून तंगूस चांगली, ती पीळ धरत नाही.

इथे एक हिशेब करण्यासारखा आहे. दोरा गुंडाळायचं रीळ एस्केप चाकाच्याच आसावर असेल, रिळाचा व्यास २० मिलिमीटर आणि चाकाला ३० दाते असतील, तर चाकाच्या एका फेरीत दोरा ६३ मिलिमीटर उतरतो. लंबकाचं एक दोलन १ सेकंदाचं असेल तर फेरीला ३० सेकंद लागतात. म्हणजे ७० सेंटिमीटर उंचीवरून वजन साडेपाच मिनिटांत खाली. मधे एकास सहा असा गिअर टाकला तर अर्धा तास मिळतो, पण वजनही साधारण सहापट लागतं. फुकट काहीच मिळत नाही, हे मुलांना सांगण्यापेक्षा वजनं लावून दाखवणं सोपं.

मोजणी

आता अँकर बाजूला करा. लंबक मोकळा हवा.

मोजायची पद्धत आधी ठरवून घ्या. लंबक टोकाशी असताना घड्याळ सुरू करू नका. टोकाशी तो थबकल्यासारखा वाटतो आणि नेमका क्षण सापडत नाही. मधल्या शून्याच्या खुणेवरून तो डावीकडून उजवीकडे जाताना ‘शून्य’ म्हणा आणि घड्याळ दाबा. पुन्हा त्याच दिशेने जाताना ‘एक’. पुष्कळ जण पहिल्याच वेळी ‘एक’ म्हणतात आणि सगळी मोजणी एका दोलनाने चुकते. ३० दोलनं मोजा, तीन वेळा, आणि सरासरी घ्या. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करून मोजलं तर आणखी बरं.

सूत्र सर्वांना माहीत असतं: दोलनकाल = २ × ३.१४१६ × √(लांबी ÷ गुरुत्व त्वरण). मुंबई-पुण्याच्या भागात गुरुत्व त्वरण ९.७९च्या आसपास आहे, पुस्तकी ९.८ किंवा ९.८१ नाही. विषुववृत्ताकडे ते कमी होत जातं. हे पहिल्यांदा लंबकानेच दाखवलं. झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि त्याला लंबक आखूड करावा लागला.

सुरुवात झोक्याच्या मापापासून करा. लंबक ५ अंशांवरून सोडा, मग ३० अंशांवरून, आणि दर वेळी फक्त पहिली १० दोलनं मोजा, कारण झोका लहान होत जातो. झोका कितीही मोठा असला तरी वेळ सारखाच, असं आपण घोकलेलं असतं. प्रत्यक्षात ५ अंशांना दोलनकाल सूत्रापेक्षा साधारण दोन हजारांत एक एवढा जास्त असतो, ३० अंशांना सुमारे पावणेदोन टक्के आणि ४५ अंशांना ४ टक्के. स्लो मोशनमध्ये ३० अंशांचा फरक स्पष्ट दिसतो. अँकरच्या लहान झोक्याचा दुसरा फायदा तो हाच: झोका थोडा कमी-जास्त झाला तरी घड्याळाला ते फारसं जाणवत नाही.

मग लांबी. गोळा २५ सेंटिमीटरवरून १६ वर आणा आणि मोजा. दोऱ्याला नट बांधून दाराच्या चौकटीला १ मीटरचा लंबक टांगा आणि तोही मोजा. लांबी चौपट, वेळ दुप्पट. दाराचा लंबक जवळजवळ २ सेकंद घेतो. १८५१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये टांगलेला लंबक ६७ मीटरचा होता, त्याला याच सूत्राने एका दोलनाला १६ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा फुको लंबक आहे. तो संथ झोका एकदा डोळ्यांनी पाहिला की वर्गमुळाचं चिन्ह निराळं दिसायला लागतं.

आणि मग ते भांडण

आमच्या दांडीचं वजन १० ग्रॅम, आसापासून खालच्या टोकापर्यंत लांबी ३० सेंटिमीटर. गोळा म्हणजे दोन थरांची लाकडी चकती, १५ ग्रॅमची, केंद्र आसापासून २५ सेंटिमीटरवर. भाचीने आधी नुसती चकती ठेवून ३० दोलनं मोजली. मग १० रुपयांची दोन-दोन नाणी चकतीच्या दोन्ही बाजूंना मधोमध चिकटवली, मग सहा-सहा. नाणी दोन्ही बाजूंना सारखी आणि केंद्राशीच हवीत, नाहीतर लंबक डुलतो आणि लांबीही बदलते.

हिशेबाने या तीन लंबकांची ३० दोलनं अनुक्रमे सुमारे २९.३, २९.८ आणि ३० सेकंदांची येतात. तिची मोजणी याच क्रमाने चढत होती. वजन वाढतंय आणि लंबक मंदावतोय! शिवाय लांबी २५ सेंटिमीटर धरून गुरुत्व त्वरण काढलं तर पहिल्या वेळी १०.४च्या जवळ, दुसऱ्या वेळी १०.०, तिसऱ्या वेळी ९.९. आमच्या हॉलमध्ये गुरुत्वाकर्षण जास्त आहे का, असाही प्रश्न घरात निघाला.

सूत्रात न लिहिलेली एक अट आहे: सगळं वजन एका बिंदूत आणि दोरा बिनवजनी. आपली दांडी बिनवजनी नाही. ती स्वतःच एक लंबक आहे, आणि सगळं वजन टोकाशी नसून वरपासून खालपर्यंत पसरलेलं असल्यामुळे आखूड लंबकासारखी वागते. एकटी दांडी झुलवली तर ती ३० सेंटिमीटरच्या नव्हे तर २० सेंटिमीटरच्या साध्या लंबकाइतकी भरभर झुलते. चकती हलकी असली की दांडीचं म्हणणं जास्त चालतं. नाणी चढत गेली की चकतीचं.

खरी, म्हणजे झोक्याच्या दृष्टीने असलेली लांबी काढता येते. एका बाजूला गोळ्याचं वजन गुणिले त्याच्या अंतराचा वर्ग, अधिक दांडीचं वजन गुणिले तिच्या लांबीचा वर्ग भागिले ३. दुसऱ्या बाजूला गोळ्याचं वजन गुणिले अंतर, अधिक दांडीचं वजन गुणिले लांबी भागिले २. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. चार नाण्यांच्या वेळी गोळा ४६ ग्रॅमचा:

४६ × ६२५ = २८,७५०, अधिक १० × ९०० ÷ ३ = ३,०००, मिळून ३१,७५०.
४६ × २५ = १,१५०, अधिक १० × ३० ÷ २ = १५०, मिळून १,३००.
भागाकार २४.४ सेंटिमीटर.

नुसत्या चकतीला हाच हिशेब २३.६ सेंटिमीटर देतो आणि बारा नाण्यांना २४.७. या लांब्या सूत्रात घाला, गुरुत्व त्वरण पुन्हा जागेवर येतं. (चकती आणि नाणी इथे बिंदू धरली आहेत. चकतीचा आकार धरला तर आकडे मिलिमीटरभर हलतात.) शेवटी त्याच अंतरावर दोऱ्याला नट बांधून मोजा. तिथे वजन दुप्पट केलं तरी वेळ हलत नाही, कारण दोऱ्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

मुलांबरोबर करत असाल तर एक विनंती. आकडा १०.४ आला की ‘घर्षण असतं ना’ म्हणून विषय मिटवू नका. घर्षण झोका लहान करतं. ते लंबकाला भरभर चालवत नाही. सगळ्या चुका घर्षणाच्या नावावर खपवायची आपल्याला प्रयोगशाळेतली जुनी सवय आहे, आणि हा प्रयोग ती मोडायला चांगला आहे.

घर्षण पाहायचंच असेल तर ते वेगळं पाहा. २० अंशांवरून सोडलेला लंबक १० अंशांवर यायला किती दोलनं लागतात ते मोजा. बारा नाण्यांसह मोजा, नाण्यांशिवाय मोजा, मग चकतीवर पोस्टकार्ड वाऱ्याला आडवं येईल असं उभं चिकटवून मोजा. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब येतील. दोलनकाल मात्र पोस्टकार्डाने जवळजवळ तसाच राहील, आणि जो थोडा हलेल त्यात कार्डाच्या स्वतःच्या वजनाचा हात असेल.

पुन्हा घड्याळ

हे सगळं झालं की अँकर परत जागेवर आणा आणि संच चालू असताना १०० दोलनांना लागणारा वेळ मोजा. मग दोऱ्याला टांगलेलं वजन दीडपट करून पुन्हा मोजा. अशा अँकरच्या यंत्रणेत जास्त ओढीने लंबक बहुतेक वेळा थोडा घाईत येतो, कारण पॅलेट दात्याला मागे रेटतं तेव्हा दाताही लंबकाला उलटा रेटतो. मोकळा लंबक आणि कामाला जुंपलेला लंबक, दोघांची वेळ वेगळी.

गोळा १ मिलिमीटर वर सरकवला तर २५ सेंटिमीटरच्या लंबकाचं घड्याळ दिवसाला जवळपास ३ मिनिटं पुढे जाईल. म्हणून बारीक जुळणीसाठी दांडीच्या टोकाला ४ मिलिमीटरचा आटे असलेला रॉड आणि गोळ्याखाली नट बसवणं सोयीचं. या रॉडवर एका फेऱ्यात नट ०.७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दिवसाला सुमारे २ मिनिटं. रॉड बसवल्यावर दांडीचं वजन बदलतं, तेव्हा वरचा भागाकार पुन्हा करा.

संच काही दिवस चालवायचा नसेल तर वजन काढून ठेवा, लंबकही उतरवून ठेवा. लटकत्या वजनाने लाकडी आस महिन्याभरात वाकतो. आमचा वाकला, आणि मग टिकटिक पुन्हा लंगडायला लागली.